जर्मनच्या डब्यातली बुचाची फुलं

आई, तुझी नात सुगंध बनवते. म्हणजे नोकरीच ती करते. रसायनशास्त्र शिकली तेव्हा मला वाटलं होतं, माझ्यासारखी शाळेत लागेल, फळ्यासमोर उभी राहील; पण ती वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात चिकटली. तिथं आधी नुसत्या उदबत्त्या करायचे, आता बाटल्यांमधली सेंटंही करतात. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्या ओढणीला चंदन, लिंबू आणि कसल्यातरी साबणाचा एकत्र वास असतो. मी तिला दारातच म्हणते, आधी हातपाय धू, तू देवळातून आलीस की न्हाव्याकडून तेच कळत नाही. तू तिला पाहिलं नाहीस. ती व्हायच्या कितीतरी आधी तू गेलीस. ती माझ्यावर गेली नाही आणि तिच्या बापावरही नाही. चिडली की खालचा ओठ मुडपून गप्प बसते, तेव्हा मला तू दिसतेस आणि माझा राग जागच्या जागी विरघळतो.

गेल्या पावसाळ्यात तिच्या साहेबांनी तिला सांगितलं की एक सुगंध तुझ्या मनानं कर, फूलही तूच निवड, दिवाळीच्या आत बाटली माझ्या टेबलावर पाहिजे. पोरगी घरी आली ती हवेतच. आणि निवडलं काय, तर बुच. मी म्हटलं, अगं, गुलाब आहे, मोगरा आहे, केवडा आहे, ते सगळं सोडून रस्त्यावर सडा पडणारं बुच कोण विकत घेणार? तर म्हणाली, "तू आजीचं एवढंच सांगतेस. आजी बुचाची फुलं आणायची. दुसरं काहीच सांगत नाहीस." मला वाटत होतं, मी तिला तुझ्याबद्दल पुष्कळ सांगितलंय. मनातल्या मनात तुझ्याशी इतकं बोलत असते की त्यातलं तोंडावाटे किती बाहेर पडलं ते लक्षातच राहत नाही. मग तिनं अट घातली. कारखान्यात कुणी काहीही म्हणो, मी 'हेच' म्हटल्याशिवाय ती बाटली पुढं देणार नव्हती. आजीचा वास कसा होता ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे, असं म्हणाली. तिला आजी कधी मिळाली नाही ना. बाटलीतून का होईना, थोडी मिळावी असं तिच्या मनात असणार. माझ्यावर केवढी जबाबदारी टाकली तिनं, आणि स्वतः मात्र चहा ढवळत बसली.

आता मी कशी आहे ते तुला माहीतच आहे. लहानपणी भाजीवाल्याच्या काट्याकडं तुझ्याआधी मी डोळे लावून उभी असायचे. पुढं मास्तरीण झाले, ते हाडच होतं म्हण. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या, पण अर्धा मार्क कापताना कधी हात अडला नाही. पोरं मला 'अर्ध्या मार्काच्या बाई' म्हणायची, आणि मला ते आवडायचं. तर आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ही तपासणी सुरू झाली. ती कागदाच्या बारीक पट्ट्या आणायची, प्रत्येकीवर बाटलीतला थेंब टाकायची, हवेत हलवायची आणि माझ्या नाकापुढं धरायची. नाक शिणलं की स्वतःच्याच कोपराचा वास घ्यायचा म्हणजे ते ताजं होतं, ही नवी विद्या मी या वयात शिकले. पहिल्या पट्टीला मी म्हटलं, हा तर अंगाच्या साबणाचा कागद. दुसरी निशिगंधावर गेली होती, मंगल कार्यालयाच्या दारात उभं राहिल्यासारखं वाटलं. पोरगी रागावली नाही. ओठ मुडपायची, परत जायची, नवी पट्टी आणायची.

नवरात्रात तिनं जी पट्टी आणली ती बरोबर होती. बाटली अख्ख्या गल्लीत फिरली. शेजारच्या काकूंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, अगं बाई, आमच्या कॉलेजचा रस्ता. त्यांचा मुलगा तर खिडकीतून बाहेर बघायला लागला, झाड कुठं आहे म्हणून. कारखान्यातल्या सगळ्यांनी बुचच ओळखलं. मी पट्टी नाकाशी धरली आणि मला काहीतरी कमी वाटलं. काय कमी, तर सांगता येईना. दुसऱ्या दिवशी परत घेतली, तरी तेच. मार्क कापायचा आणि का कापला ते समासात लिहिता येत नाही, अशी पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. पोरगी म्हणाली, गोडवा कमी आहे का, ओलावा कमी आहे का, मी त्यात माती मिसळू का. मी नुसती मान हलवत राहिले. आणि रात्रंदिवस मला एकच भीती लागून राहिली. त्या मोठ्या तापाच्या साथीत माझं नाक गेलं होतं, कित्येक आठवडे मला फोडणीचा वास येत नव्हता, दूध करपून घरभर धूर झाला तरी कळलं नव्हतं. नाक परत आलं, पण सगळं आलं का? तुझा आवाज मला आठवत नाही, आई. तो कधी गेला ते कळलंही नाही. तुझा एक फोटो आहे, त्यात तू कॅमेऱ्याला घाबरलेली आहेस, तशी तू नव्हतीस. उरला होता तो हा वास. तोही गेला असेल तर माझ्याकडं तुझं काय राहिलं?

दसरा झाल्यावर एका सकाळी मीच पोरीला म्हटलं, चल, फूल आणि पट्टी समोरासमोर करू. आई, तू नोकरी करायचीस त्या ऑफिसात गेलो. ती दगडी इमारत अजून आहे, तिला पिवळा रंग दिलाय, मागं काचेची नवी इमारत झालीय. बुचांची रांग होती तिथं आता गाड्या लावतात, पण कोपऱ्यातलं एक झाड ठेवलंय. उंचच्या उंच, आणि खाली पांढरा सडा. मी वाकून फुलं उचलायला लागले तेव्हा वॉचमन जवळ आला. मला वाटलं हटकतो आता. तो म्हणाला, "येचा की मावशी, न्हाईतर झाडायचीच हायेत." मी एक टवटवीत फूल घेतलं, लांब देठाचं, पाकळ्या अजून न मिटलेलं. फुलाचा वास घेतला, मग पट्टीचा, मग कोपराचा, मग परत फुलाचा. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती, निकालाच्या दिवशी पोरं बघतात तशी. दोन्ही वास एकच होते. तिनं ते फूल जसंच्या तसं उचलून बाटलीत घातलं होतं. आणि आई, मला त्या खऱ्या फुलातही काहीतरी कमी वाटलं.

मी तिला तसं सांगितलं. ती कट्ट्यावर बसलीच. म्हणाली, आई, हे झाडाचं फूल आहे, याच्यापेक्षा खरं मी कुठून आणू? मीही तिच्या शेजारी बसले. ओंजळीत फुलं होती, देठाला थोडी माती होती. मी तिला सांगायला लागले की तू फुलं कशी आणायचीस. खरं तर तिला समजावं म्हणून सांगत नव्हते, माझं मलाच कुठं चुकतंय ते शोधत होते. तिचे आजोबा, म्हणजे अण्णा, गेले तेव्हा मी लहान होते, त्यांच्या जागी तुला याच ऑफिसात शिपायाची नोकरी मिळाली. देवगाव रंगारीच्या शेतातून उठून आलेली तू, उस्मानपुऱ्यातल्या आपल्या एका खोलीतून रोज सगळ्यांच्या आधी निघायचीस, कारण कुलूप तुला काढायचं असायचं, झाडायचं असायचं, माठ भरायचे असायचे. झाडता झाडता चांगली फुलं वेचायचीस आणि ओल्या फडक्यात गुंडाळून माठांच्या मागं ठेवायचीस. तिथं गारवा, आणि माठांच्या मागं बघायला जातंय कोण. दुपारी भाकरी खाऊन झाली की डबा नळावर विसळायचा आणि फुलं त्या डब्यात भरायची.

आणि मग संध्याकाळ. तू दार ढकलतेस. चपला भिंतीला टेकवून ठेवतेस, एक नेहमी पडते. मी तुझ्या खांद्यावरची पिशवी ओढते, तू म्हणतेस, आगं थांब, तुटंल. मी डबा काढते, तो जर्मनचा डबा, हलक्या ॲल्युमिनियमचा, एका बाजूनं चेमटलेला, झाकण घट्ट बसणारा. दोन्ही गुडघ्यांत धरते, दात-ओठ खाऊन झाकण फिरवते आणि ते निघतं तेव्हा भसकन वास येतो. मी तिथं कट्ट्यावर बसून डोळे मिटले, ते झाकण पुन्हा एकदा उघडलं आणि मोठ्यानं म्हणाले, लसूण.

पोरगी म्हणाली, काय? मी म्हटलं, लसूण कमी आहे. तू रोज भाकरीबरोबर लसूण-शेंगदाण्याची चटणी न्यायचीस ना, आई. जर्मनचा डबा नुसत्या पाण्यानं विसळला की भांडं साफ होतं, वास काही जात नाही. तीन-चार तास ती फुलं त्या चटणीच्या वासात बसून यायची. अख्खं बालपण मी बुचाचं फूल म्हणून जे हुंगलं ते असं होतं. मला वाटायचं बुचाला वासच तसा असतो, थोडा गोड, थोडा तिखट. पोरगी इतकी हसली की वॉचमन वळून बघायला लागला. मीही हसले. माझं नाक शाबूत होतं, तू शाबूत होतीस. मला तिथंच बसून रडावंसंही वाटलं, आणि मी थोडी रडलेही.

हसून झाल्यावर पोरीनं विचारलं, पण डब्यात का? फडकं होतं ना तिच्याकडं. फडक्यातच का नाही आणायची? मी सहज म्हणणार होते, अगं, पिशवीत चुरगळतात. तोंड उघडलं आणि ते वाक्य निघेना. कारण मला तो ओटा आठवला, आपल्या खोलीसमोरचा, ज्यावर संध्याकाळी गल्लीतल्या बायका बसायच्या. एकदा मी उघडा डबा घेऊन त्यांच्याकडं पळाले होते, आमच्या आईनं एवढी फुलं आणली म्हणून मिरवायला. त्यातली एक जण तुझ्या मोकळ्या कपाळाकडं बघून म्हणाली होती, तुला कशाला गं लागतात एवढी फुलं? बोलली तशी हसतच. तू म्हणालीस, लेकीला. मग मला आत ओढून कडी लावलीस. मारलं नाहीस. माझ्यासमोर उकिडवी बसलीस आणि म्हणालीस, "डबा घरात उघडायचा. भाईर नाय. ध्यानात ठेव." मी ते कायम ध्यानात ठेवलं, पण त्याचा अर्थ लावायचं मात्र राहून गेलं. एवढ्या वर्षांनी झाडाखाली बसून मी तुझ्या नातीला पहिल्यांदा म्हणाले, कुणाला दिसू नयेत म्हणून. नवरा गेलेल्या बाईच्या हातात फुलं दिसली की लोक बघायचे, म्हणून.

पोरीला ते आधी कळेचना, आणि कळलं तेव्हा ती तुझ्यासारखा ओठ मुडपून बसली. मग मी तिला रविवारचंही सांगितलं. रविवारी तू न्हायचीस, केस मोकळे सोडून खोलीत बसायचीस. बुचाच्या वेणीला दोरा लागत नाही, एकाचं देठ दुसऱ्याला गुंडाळत जायचं, ते मला तूच शिकवलंस. अशाच एका रविवारी मी आदल्या दिवशीच्या फुलांची वेणी केली आणि मागून तुझ्या ओल्या केसांत खोवली. तुझा हात एकदम वर आला. मला वाटलं आता ओढून काढशील. हात तिथंच थांबला, मग हळूच खाली गेला. तू डोळे मिटून भिंतीला टेकून बसलीस आणि मला म्हणालीस, कडी लावलीय न्हवं? मी म्हटलं, व्हय. तशी किती वेळ बसली होतीस कोण जाणे. मी तुझ्यासमोर बसून तुला बघत होते. तू सुंदर होतीस, आई. हे मी तुला सांगायला हवं होतं, पण लहान पोरांना आईला असं सांगायचं असतं हे कुठं माहीत असतं. मग दूधवाल्यानं कडी वाजवली आणि वेणी तुझ्या केसांतून माझ्या केसांत आली.

पोरगी म्हणाली, तेव्हा तिच्याकडं ही बाटली असती तर? वास कुणाला दिसत नाही. आणि मला खुलताबाद आठवलं. भद्रा मारुतीला गेलो होतो आपण, येताना दर्ग्याच्या रस्त्याला अत्तरांची दुकानं होती. कधी कुठल्या दुकानापुढं स्वतःसाठी न थांबणारी तू, तिथं थांबलीस. आधी इकडंतिकडं बघितलंस आणि मग हळूच विचारलंस, बुचाचं हाय का? तो म्हातारा अत्तरवाला मान हलवत म्हणाला, "बुच का नय बनता, बाई. उसकू पकडे तो मर जाता." त्यानं माझ्या मनगटाला हिना लावली आणि अत्तराचा बोळा तुझ्याकडं केला, तर तू हात पदरात घेतलास. मला वाटलं होतं, तू उगीच चौकशी केलीस. तू आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ती एक वस्तू होती आणि ती कुणी बनवतच नव्हतं.

आता ती तुझ्या नातीनं बनवली आहे. त्या दिवशी घरी येताना रिक्षात ती म्हणाली, त्यात लसूण घालता येईल, अगदी कणभर, लोकांना कळणारही नाही पण तुला कळेल, मग तर 'हेच' म्हणशील ना? तिची सगळी तयारी होती. एका क्षणासाठी मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मी म्हटलं, नको. चटणी त्या फुलाची नव्हती. ती लपवण्याची होती. आजीला हे फूल कधी नुसतं मिळालंच नाही गं, आधी माठाच्या मागं, मग डब्यात. आता एकदा तिला ते नुसतं मिळू दे. पोरीनं माझा हात धरला आणि क्रांती चौक येईपर्यंत सोडला नाही. घरी आल्यावर तिनं नवी पट्टी काढली, रीतसर थेंब टाकला, हलवून माझ्यापुढं धरली. मी वास घेतला आणि म्हटलं, हेच. पूर्ण मार्क. माझ्या अख्ख्या नोकरीत मी पूर्ण मार्क दिल्याचं मला आठवत नाही.

बाटली गेल्या आठवड्यात साहेबांच्या टेबलावर गेली. पुढं काय होईल ते होईल. हे लिहिलंय खरं, पण पाठवायचं कुठं? तुझ्या डब्यात ठेवावं म्हटलं तर कागद सगळा वास पिऊन टाकतो, हे पोरीनंच मला शिकवलंय. तो डबा माझ्याकडं आहे, त्यात मी कपड्यांचे चिमटे ठेवत होते. काल ते काढले, लसूण-शेंगदाण्याची चटणी वाटून दुपारभर त्यात ठेवली, मग नुसत्या पाण्यानं विसळला, तुझ्यासारखा. पोरीच्या बाटलीतलं दोनदा फवारलं आणि झाकण लावून ठेवलं. संध्याकाळी पोरगी यायच्या आत दार लोटलं, खाली बसले, या वयात गुडघ्यांत डबा धरवत नाही तरी धरला आणि झाकण फिरवलं. खरं सांगू का आई, फुलांचं मला एवढं कधी नव्हतंच. वेणी घालून घ्यायचाही कंटाळा यायचा, मान दुखायची. डबा आला म्हणजे तू घरी आलेली असायचीस, मी त्याचीच वाट बघायचे.